मारबतीबरोबर गेलेला पेनड्राइव्ह

गुरुवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी मोहबोडी ग्रामपंचायतीच्या संगणकावर लाल चौकट उघडली, तेव्हा उर्वशी निकुरेच्या डाव्या हातात रहिवासी दाखल्याचा एक अर्ज होता आणि उजवा हात माऊसवर होता. तिने अर्ज खाली ठेवला. चौकटीत लिहिलं होतं की धोका आढळला आहे, आणि तो ‘शीव’ नावाच्या फाईलमध्ये आहे. खाली तीन बटणं होती. काढून टाका, वेगळं ठेवा, दुर्लक्ष करा.

तिने एकही बटण दाबलं नाही. नुकताच लावलेला पेनड्राइव्ह ओढून काढला.

उर्वशी छत्तीस वर्षांची आहे. माहेर ब्रह्मपुरीकडचं, सासर मोहबोडीचं. गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला आहे, तीन बाजूंना जंगल आणि चौथीला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बारा वर्षांपासून ती ग्रामपंचायतीची संगणक परिचालक आहे. जन्म, मृत्यू, रहिवास, जो कागद गावातून बाहेर जातो तो तिच्या हातून जातो. गावात तिचं नाव कामाची पक्की आणि थोडी कटकटी असं आहे. कटकटीला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी लग्नाच्या फोटोंचा एक पेनड्राइव्ह तिने भिडेखातर या संगणकाला लावू दिला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट दिसत होता आणि एकही शॉर्टकट कुठे नेत नव्हता. अठरा महिन्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तिने कागदी रजिस्टरवरून पुन्हा टाईप केल्या. अकरा दिवस लागले. तेव्हापासून टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी आहे: ‘बाहेरचा पेनड्राइव्ह आधी तपासून.’ एकदा ग्रामसेवकांनाही तिने या चिठ्ठीसाठी वीस मिनिटं बसवून ठेवलं होतं.

पण गुरुवारचा पेनड्राइव्ह बाहेरचा नव्हता. त्यात मोहबोडीची हद्द होती.

गावाने जंगलावरच्या सामूहिक हक्कासाठी दावा केला आहे. अशा दाव्याला गावाची पारंपरिक हद्द दाखवावी लागते. जानेवारीत चार दिवस गावकरी ती हद्द चालले. पुढे सुकलू नैताम, वय अठ्ठ्याहत्तर. मागे विनोद उसेंडी, एटापल्लीकडचा तरुण, गावांना नकाशे करून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करणारा. सुकलू थांबायचे, जागेचं नाव आणि खूण सांगायचे, विनोद फोनवर तो बिंदू आणि त्यांचा आवाज नोंदवायचा. एकसष्ट बिंदू झाले. बावन्न ठिकाणी आजही काही ना काही दिसतं, दगड, बोडी म्हणजे छोटं तळं, नाल्याचं वळण. नऊ ठिकाणी काहीच दिसत नाही. झाड पडलं, वारूळ वाहून गेलं, नाला सरकला. तिथे हद्द कुठून जाते हे एकट्या सुकलूंना माहीत होतं. जूनमध्ये सुकलू वारले.

दाव्याच्या पडताळणीचं सरकारी पथक मंगळवारी येणार होतं. त्यांना एकसष्ट बिंदूंची यादी आणि छापील नकाशा द्यायचा होता. तो नसेल तर तारीख पुढे जाते, आणि पुढे गेलेली तारीख कधी येईल हे या भागात कोणी छातीठोक सांगत नाही. त्यापेक्षा मोठी अडचण ही की ते नऊ बिंदू पुन्हा दाखवायला आता माणूस नव्हता.

आणि प्रत एकच होती. तो निष्काळजीपणा नव्हता. फेब्रुवारीच्या ग्रामसभेत गावाने तसा ठरावच केला होता. शिवेचा नकाशा गावाबाहेर कोणाकडे राहू नये, आणि ज्या संगणकावर जिल्ह्याची माणसं दुरून काम करतात त्यातही तो भरून ठेवू नये. विनोदने सगळ्यांसमोर आपला फोन आणि लॅपटॉप पुसला. एक पेनड्राइव्ह ग्रामपंचायतीच्या ड्रॉवरात राहिला. त्यात बिंदूंची यादी, सुकलूंचा आवाज आणि या दोन्हींवरून नकाशा काढणारा, विनोदने स्वतः लिहिलेला ‘शीव’ नावाचा छोटा प्रोग्राम. ताबा घेतल्याची सही उर्वशीची. त्या पोचपावतीवर विनोदने तिला चौसष्ट अक्षरं आणि आकडे लिहून घ्यायला लावले होते. हे कशाला, असं तिने विचारलं होतं. प्रोग्रामचा ठसा आहे, असू द्या, असं तो म्हणाला होता. तिने लिहिलं, पावती फाईलला लावली आणि विसरली.

शिपाई श्रावण सहारे चहाची किटली घेऊन आले, तेव्हा ती पेनड्राइव्ह बोटांत धरून बसली होती.

“का झालं बाई? तोंड काऊन उतरलं?”

“व्हायरस आहे म्हनते मशीन.”

“आपल्या मशीनले?”

“या पेनड्राइव्हमधी. काढून घेतला मी. लागला नसन.”

श्रावणभाऊंनी किटली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. “एकाचं दुसऱ्याले लागते का हे?”

“मशीनचं मशीनले लागते. तुमाले नाई लागत, भाऊ.”

“कोरोनाच्या टायमाले बी पहिले असंच सांगे.”

उर्वशीने पेनड्राइव्ह खाकी पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि त्यावर लाल पेनने लिहिलं: ‘व्हायरस. कोणीही लावू नये.’ आत काय आहे ते लिहिलं नाही. ते तिला माहीत होतं. पाकीट ड्रॉवरात गेलं. मग तिने विनोदला फोन लावला. दिवसभरात सहा वेळा लावला. सहाही वेळा तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता, आणि विनोदच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच असतो की तो कुठल्यातरी गावात काम करतो आहे.

शुक्रवारी पोळा होता. कार्यालय बंद.

या भागात पोळ्याच्या संध्याकाळी प्रत्येक दाराशी पळसाची डहाळी लावतात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ती डहाळी, घरातला झिजलेला झाडू, फुटकी टोपली, फाटकं सूप असं सगळं घेऊन गाव शिवेवर जातं आणि ‘राई-रोग घेऊन जाय गे मारबत’ असं ओरडत पलीकडे टाकून येतं. येताना कोणी मागे बघत नाही. मोहबोडीत ग्रामपंचायतही घर धरली जाते. तिच्या दाराची डहाळी आणि वर्षभराचा झाडू शिपायाने न्यायचा, हा रिवाज श्रावणभाऊंच्या आधीच्या शिपायापासून चालत आला आहे. या शनिवारीही ते पाच वाजता कार्यालय उघडून झाडू घेऊन गेले. उर्वशीच्या घरून सासू गेली होती. उर्वशी गाईचं दूध काढत होती.

शनिवारी सुट्टी असूनही ती साडेनऊला कार्यालयात आली. नऊ पन्नासला विनोदचा फोन आला. तो बाजारासाठी एटापल्लीत आला होता, मागे कोंबड्यांचा आवाज होता.

“ताई, सहा मिसकॉल? कोणी गेलं का?”

“कोनी नाई गेलं. तुमच्या प्रोग्राममधी व्हायरस निंगाला.”

“अँटिव्हायरस कधी अपडेट झालं?”

“आठ-दहा दिवस झाले.”

“मग खोटी घंटा असेल, पण ‘असेल’वर चालू नका. मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामवर तिची सही असते, माझ्या प्रोग्रामवर कोणाची सही नाही. गावात अनोळखी माणूस आला की कुत्री भुंकतात, तसं आहे ते. तो चोर असतो असं नाही. पण चोर नसतोच असंही नाही. पोचपावती आहे ना?”

“आहे.”

“त्याच्यावर तुम्हीच ठसा लिहून घेतला आहे. फाईलमध्ये एक अक्षर जरी कोणी बदललं, तर सगळा ठसा बदलतो. प्रोग्राम चालू न करता ठसा काढता येतो. जुळला, तर माझ्या हातून निघाल्यापासून त्यात काही शिरलं नाही. यादी आणि आवाज तर साध्या फायली आहेत, त्या तशाच उघडतील. आधी त्या सोडवून घ्या.”

तिने एक ओळीची आज्ञा कागदावर लिहून घेतली, स्पेलिंग दोनदा विचारलं आणि फोन ठेवला. मग ड्रॉवर उघडला. ड्रॉवरात स्टॅम्प पॅड होतं, पंच मशीन होतं, पाकीट नव्हतं.

श्रावणभाऊ व्हरांड्यात बसले होते.

“भाऊ, ड्रॉवरातलं पाकीट कुठी आहे?”

“कोनतं?”

“लाल अक्षराचं.”

“ते गेलं न जी.”

“कुठी गेलं?”

“मारबतीसंग.”

“त्यात आपला नकाशा होता, भाऊ. सुकलूआजाचा.”

श्रावणभाऊ उठले. त्यांचा चेहरा उतरला, पण माघार त्यांनी एकदम घेतली नाही. “पाकिटावर लिवलं होतं का तसं? तुमी लिवलं व्हायरस. लिवलं कोनी लावू नये. मंग ठेवून का करता त्याचं, लोनचं? राई-रोग न्यायचा दिवस, हापिसातला रोग मी हापिसात ठेवू?”

पाकिटावर खरंच तेवढंच लिहिलं होतं.

समोरच्याच घरातून सरपंच इंदुताई भर्रे आल्या. आवाज चढला नव्हता, पण दोघंही उभे होते आणि सुट्टीच्या दिवशी कार्यालय उघडं होतं, एवढं त्यांना पुरलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या आधी श्रावणभाऊंकडे वळल्या.

“ठराव का केला होता आपन?”

“नकाशा गावाबाहेर जाऊ नये.”

“अन् तुनं का केलं?”

उत्तर इंदुताईंनीच दिलं.

“आपली शीव आपल्याच हातानं शिवेपल्याड फेकून आला. वरून ‘घेऊन जाय’ म्हनून बोंबलला असशील.”

“बोंबललो जी,” श्रावणभाऊ म्हणाले.

पाकीट आणायला जायचं तर एक अडचण होती आणि ती तिघांनाही न सांगता कळत होती. मारबतीत टाकलेली वस्तू गावात परत येत नाही. चार वर्षांपूर्वी एकाने ढिगातली एक धड टोपली उचलून आणली. आठवड्यात त्याची गाय मेली. गाईचा आणि टोपलीचा काही संबंध नाही, असं उर्वशीचं मत आहे. पण त्या माणसाला पुढे दोन वर्षं गावात कोणी उसनी टोपलीसुद्धा दिली नाही, हेही तीच सांगते. बारा वर्षं ज्यांचे दाखले काढले त्यांच्यामधूनच ती रोज चालत जाते. पेनड्राइव्ह गुपचूप खिशात घालून आणावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

इंदुताईंनी तो मार्ग तसाही बंद केला. “आनता नाई येत. मी सरपंच आहे, मले तं बिलकुलच नाई.”

वाट श्रावणभाऊंनीच काढली. “लॉकडाऊनमधी तेलंगणातून मिरची तोडून लोक आले, तवा त्यायले शाळेत ठेवलं होतं का नाई? गावात नाई घेतलं. पन नर्सबाई तं जाय तिथी. पेशंटले आत आनू नोका. डॉक्टरले तिकडं न्या.”

“डॉक्टर कोन?”

“ह्या बाई. अन् कपाटातला लॅपटॉप.”

कपाटातला लॅपटॉप आठ वर्षांचा होता. बॅटरी पूर्ण भरली तरी पस्तीस मिनिटं चालते. मधल्या वेळात तो चार्जिंगला लावला. उर्वशीने फाईलमधून पोचपावती काढली, विनोदची आज्ञा लिहिलेला कागद तिच्यात ठेवला. सव्वाअकराला ते तिघं निघाले. सकाळी तासभर पाऊस पडून गेला होता. वाटेत बुधरीबाई भेटल्या, सुकलूंच्या बायको. पाच बकऱ्या घेऊन त्याच बाजूला चालल्या होत्या. काय झालं ते ऐकून त्यांनी फक्त विचारलं, “त्याचा आवाज बी त्यातच होता?”

“त्यातच होता,” उर्वशी म्हणाली.

बुधरीबाईंनी बकऱ्या वळवल्या आणि सोबत चालू लागल्या.

शीव गावापासून सव्वा किलोमीटरवर आहे. नाल्याच्या अलीकडे एक सपाट काळा दगड आहे. एकसष्ट बिंदूंतला पहिला बिंदू तोच. दगडापलीकडे पळसाच्या डहाळ्यांचा कमरेएवढा ढीग होता, त्यात झाडू, टोपल्या, सुपं, एक मोडकी खाटही होती. तीनशे घरांनी एका सकाळी टाकलेला कचरा, आणि तोही ओला. इंदुताई दगडाच्या गावाकडच्या बाजूला थांबल्या.

“हात लावाले चालते का?” उर्वशीने विचारलं.

“हात लावाले चालते. घरी न्याले नाई चालत,” श्रावणभाऊ म्हणाले आणि आधी तेच वाकले.

शोधणं वाटलं तेवढं अवघड गेलं नाही, आणि त्याचं कारणही श्रावणभाऊच होते. फायली बांधायच्या लाल फितीने त्यांनी पाकीट झाडूच्या मुठीला बांधलं होतं. सरकारी लाल फीत त्या ढिगात दुसऱ्या कशालाच नव्हती. बारा वाजून पाच मिनिटांनी झाडू सापडला. पाकीट दुधाच्या पिशवीत होतं, तोंडाला गाठ मारलेली.

“पिशवी काऊन बांधली?” इंदुताईंनी लांबूनच विचारलं.

“वाटेत सांडाले नोको म्हनून. रोग होता न.”

पिशवी बाहेरून चिंब होती. आत पाकीट कोरडं होतं.

उर्वशीने लॅपटॉप दगडावर ठेवला आणि चालू केला. त्यातलं अँटिव्हायरस चार महिन्यांत अद्ययावत झालं नव्हतं. पेनड्राइव्ह लावल्यावर ते गप्प राहिलं. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं, जुन्या माहितीवर राखण करणारा गप्पच राहतो. तिने ‘शीव’ला हात लावला नाही. कागदावरची आज्ञा अक्षर अक्षर पाहून टाईप केली. पडद्यावर चौसष्ट खुणांची ओळ आली. तिने पोचपावती श्रावणभाऊंच्या हातात दिली.

“अक्षर-आकडे वाचता येते न इंग्रजी?”

“सातवी पास आहो, बाई.”

ते वाचत गेले, ती पडद्यावर बोट सरकवत गेली. सव्विसाव्या जागी दोघं अडकले. पडद्यावर सहा होता, श्रावणभाऊंनी इंग्रजी ‘b’ वाचलं होतं. पावतीवरचं अक्षर तिचंच होतं. तिने कागद उन्हाकडे धरला. सहाच होता, वरचा फराटा जरा आखूड आलेला. पुढचे अडतीस बिनचूक जुळले.

“जुळला,” ती म्हणाली.

“म्हंजे?” बुधरीबाईंनी विचारलं.

“विनोदनं दिल्यापासून यात कोनी काई घातलं नाई.”

इंदुताई दगडाच्या अलीकडून म्हणाल्या, “अन् विनोदनंच रोग घालून दिला असन तं?”

प्रश्न बरोबर होता. उर्वशीने तो टाळला नाही. “तं ठसा जुळून बी उपयोग नाई. म्हनून प्रोग्राम आज चालवत नाई मी. तो अँटिव्हायरसच्या कंपनीले तपासाले पाठवू. यादी अन् आवाज घेऊन घेऊ, त्यायले त्याची गरज नाई.”

“कंपनीले नकाशा जाईन?”

“नकाशा नाई जात. विनोदचा प्रोग्राम रिकामा जाते.”

“रिकामा आहे ते मले दाखवजो,” इंदुताई म्हणाल्या.

यादीची फाईल उघडली. एकसष्ट ओळी होत्या. उर्वशीने त्या दोनदा मोजल्या. आवाजाच्या फायलीही एकसष्ट होत्या. नुसतं नाव दिसून भागत नाही, हे तिला शॉर्टकटच्या त्या अकरा दिवसांनी शिकवलं होतं. म्हणून तिने मधलीच एक उघडली, सदतिसावी, न दिसणाऱ्या नऊपैकी. आधी वारा ऐकू आला, मग पावलं, मग सुकलू.

“इथी कोसमाचं झाड होतं. माह्या बापानं दाखवलं मले. आता नाई. पन शीव इथूनच जाते, त्या मुरमाच्या चढाले डाव्या हाताले ठेवून.” मग खोकला. “झालं का रे? चाल.”

बकऱ्या डहाळ्यांची पानं ओरबाडत होत्या. मग बुधरीबाई म्हणाल्या, “जिता होता तवा घरी इतकं कधी बोलला नाई. या पोरानं फोन समोर धरला, तं चार दिवस बोलतच राह्यला.”

इंदुताई हसल्या. उर्वशीही हसली आणि तिच्या लक्षात आलं की ती दगडाशी उकिडवी बसून आहे आणि पाय बधिर झाले आहेत. बॅटरी चौदा टक्क्यांवर होती. तिने यादी आणि आवाज लॅपटॉपवर घेतले, ‘शीव’ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, लॅपटॉपवरच्या प्रतीतून सदतिसावी फाईल पुन्हा वाजवून पाहिली. मग पेनड्राइव्ह पूर्ण पुसला. ठराव होता, शिवेपलीकडे नकाशाची प्रत राहू द्यायची नव्हती. रिकामा पेनड्राइव्ह पाकिटात, पाकीट पिशवीत. श्रावणभाऊंनी तो पुन्हा लाल फितीने झाडूला बांधला आणि झाडू होता तिथे टाकला. आता रिवाजही पाळला गेला आणि ठरावही.

लॅपटॉप बंद करताना श्रावणभाऊंनी नाल्याकडे पाहिलं. “आत न्याच्या आधी याच्यावर पानी शिंपडू का?”

“नोको.”

“चार थेंब.”

“एक बी नोको, भाऊ.”

परतीच्या वाटेवर कोणी मागे पाहिलं नाही. श्रावणभाऊ सगळ्यांत पुढे होते. एका वळणावर ते थांबले आणि उर्वशीला म्हणाले, “चुकलं माह्यं. विचारून न्यायले पायजे होतं.”

“मी बी वर नाव लिवलं नाई,” ती म्हणाली. तो विषय तिथे संपला.

दुपारी पावणेदोनला तिने अँटिव्हायरस कंपनीच्या पानावर ‘चुकीने पकडलेली फाईल’ असा अर्ज भरला आणि ‘शीव’ प्रोग्राम जोडला. त्याआधी इंदुताईंनी पडद्यासमोर बसून फोल्डरमध्ये प्रोग्रामशिवाय काही नाही ना, ते पाहून घेतलं. कार्यालयातल्या संगणकाचं अँटिव्हायरस काही दिवस बंद ठेवावं आणि नकाशा छापून टाकावा, असा सल्ला तालुक्याच्या एका ओळखीच्या ऑपरेटरने फोनवर दिला होता. उर्वशीने तो मानला नाही. कुत्रं एकदा चुकीचं भुंकलं म्हणून कोणी त्याला रात्री बांधून झोपत नाही, असं ती त्याला म्हणाली. उपमा विनोदची होती, तिने पुढे नेली.

रविवारी तिने नऊ न दिसणाऱ्या बिंदूंची माहिती आवाज ऐकून वहीत हाताने उतरवली. प्रोग्राम सुटलाच नाही, तर निदान तोंडी सांगता येईल म्हणून. त्याला पावणेतीन तास लागले. सदतिसावा बिंदू तिने ऐकला नाही, तो पाठ झाला होता.

सोमवारी चार वाजून अठरा मिनिटांनी उत्तर आलं. तीन ओळी होत्या. फाईल तपासली. तिच्यात घातक काही आढळलं नाही. व्हायरसांच्या आजच्या अद्ययावत यादीत दुरुस्ती केली आहे. उर्वशीने तिन्ही ओळी दोनदा वाचल्या, खुर्चीत मागे टेकली आणि श्रावणभाऊंना चहा आणायला सांगितलं. एरवी ते न सांगता आणतात आणि ती न बघता पिते. त्या दिवशी तिने कप हातात घेऊन, काही न करता पूर्ण चहा प्यायला.

पाच वाजता तिने अँटिव्हायरसची नवी यादी उतरवून घेतली. बिंदूंची यादी आणि आवाज लॅपटॉपवरून एका नव्या पेनड्राइव्हवर आले, सोबत ‘शीव’ आला. तो संगणकाला लावला. लाल चौकट आली नाही. प्रोग्राम उघडला, आणि एकसष्ट ठिपक्यांची वाकडीतिकडी रेघ पडद्यावर बंद झाली. नकाशा चार कागदांवर छापला गेला. श्रावणभाऊंनी ते खळीने जोडले. कोसमच्या जागेवरून जोड जात होता, तो त्यांनी एक सूतही सरकू दिला नाही.

सहा वाजता ग्रामपंचायतीसमोर चाळीसेक माणसं जमली आणि फेब्रुवारीच्या ठरावात दुरुस्ती झाली. प्रती आता दोन राहतील, दोन पेनड्राइव्हांवर, आणि लॅपटॉपवरची पुसली जाईल. दोन्ही गावातच, पण वेगवेगळ्या घरी. एक इंदुताईंच्या लोखंडी कपाटात. दुसरी कोणाकडे ठेवावी यावर थोडी चर्चा झाली, तेव्हा कोणीतरी बुधरीबाईंचं नाव घेतलं.

“माह्याकडं तं काम्पूटर नाई,” त्या म्हणाल्या.

“म्हनूनच,” इंदुताई म्हणाल्या.

दोन्ही पाकिटांवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहायचं, हे ठरावात आलं नाही. ते उर्वशीने आपणहून केलं. ‘मोहबोडीची शीव. ६१ बिंदू. टाकू नये.’ शेवटचे दोन शब्द श्रावणभाऊंनी सुचवले.

उद्या मंगळवार. सकाळी आठ वाजता पथक नाल्याजवळच्या काळ्या दगडापासून चालायला सुरुवात करणार आहे. यादी उर्वशीच्या हातात असेल, म्हणून कार्यालयाचं कुलूप दहा वाजता श्रावणभाऊ उघडतील. संगणक चालू करून ठेवायचा, एवढंच काम तिने त्यांना सांगितलं आहे. दर मंगळवारी अकरा वाजता अँटिव्हायरस त्याची पूर्ण तपासणी स्वतः सुरू करतं.